उपरण्याखालची वर्गणी

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी म्हैस अंगाला तेल लावून, शिंगं लखलखीत करून ऐटीत उभी दिसली, तर खुशाल समजावं की तिच्यावरून गहिनीनाथचा हात फिरलाय. म्हशी भादरणं आणि शिंगं साळणं हा त्याचा धंदा. कातरीनं अंगावरचे केस उतरवायचे, कान आणि शेपटीचा गोंडा वस्तऱ्यानं नीट करायचा, काचेच्या तुकड्यानं शिंगावरची खपली खरवडायची आणि वरून तेलाचा हात मारायचा. तासाभरात सहा वेतांची म्हैस तिसऱ्या वेताची दिसायला लागते. यात घेणारा फसतो असं कुणी समजू नये. घेणाऱ्यालाही हे सगळं ठाऊक असतं आणि उद्या विकायची वेळ आली की तोही गहिनीनाथलाच शोधत येतो.

माणूस बावन्न वर्षांचा, अंगानं शिडशिडीत, तोंडानं चालू. म्हशीशी तो इतकं बोलतो की बाजारातले लोक म्हणतात, ती बिचारी कंटाळून उभी राहते. पण तीन वर्षांपूर्वी एका थोराड म्हशीनं त्याचा उजवा अंगठा खुंट्याशी चेचला. अंगठा राहिला, पण तिसरी म्हैस भादरून होईस्तोवर ठणकायला लागतो. तेवढ्यात बाजारात पोरं चार्जिंगची मशीन घेऊन आली. ती पोरं पाव तासात म्हैस साफ करतात आणि मोबाईलवर गाणी ऐकत पुढच्या म्हशीकडे जातात. गहिनीनाथनं मशीनची किंमत विचारून ठेवली होती, साडेसात हजार. त्यासाठी घरात डालड्याचा एक जुना डबा ठेवला होता. म्हशीमागं दीडशे रुपये मिळायचे, त्यातून वीस-तीस त्यात पडायचे. बायको बनुबाई कांद्याच्या वखारीत कांदे निवडायला जायची, तिच्या मजुरीतलेही पडायचे. गेल्या दिवाळीपासून डब्यात सहा हजार नऊशे जमले होते. आता फक्त सहाशे रुपये कमी होते, आणि नेमकी तेव्हाच निवडणूक लागली.

गहिनीनाथचं गाव घोडेगावहून चांद्याकडं जाताना डाव्या हाताच्या फाट्यानं आत आहे. यंदा सरपंचपद बाईसाठी निघालं. मच्छिंद्रशेठनं लगेच आपल्या मंडळींना, सीमाताईंना, उभं केलं. शेठ म्हणजे कांद्याचे आणि म्हशींचे व्यापारी. फलकावर सीमाताईंचा फोटो मुठीएवढा आणि शेठचा परातीएवढा. खाली लिहिलं होतं, ‘आपली लाडकी उमेदवार’. ही लाडकी नेमकी कोण, हे फलक पाहून ओळखणं अवघड होतं. शेठकडं पैशाला तोटा नव्हता. रोज कुणाच्या तरी मळ्यात जेवणावळी झडू लागल्या, आणि खरं सांगायचं तर गहिनीनाथही दोनदा जेवून आला होता. रस्सा झकास होता, त्यात खोटं बोलायचं कारण नाही.

समोर उभी राहिली सत्यशीला. ही बुद्धविहारामागच्या गल्लीतली, पदवी झालेली, चाळिशीच्या आतली बाई. वडील साखर कारखान्यात मजूर होते. हिनं गावात काय केलं म्हणाल तर फॉर्म भरले. निराधारचा पगार, रेशनकार्डावरचं नाव, पीकविमा, शाळेचा दाखला, कुणाचंही काहीही अडलं की लोक हिच्या ओट्यावर कागदांची पिशवी घेऊन जायचे. एका फॉर्मचे दहा रुपये घेतले असते तरी तिचं घर पक्कं झालं असतं. घेतला नाही तो एक रुपया. गहिनीनाथचा अंगठा चेचला तेव्हा ही त्याच्याबरोबर नगरच्या दवाखान्यात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाकड्यावर बसून होती. फुकट उपचाराच्या योजनेच्या कार्डावर त्याचं नाव चुकलेलं होतं, ते तिनं तीन खिडक्या फिरून दुरुस्त करून घेतलं. नाहीतर अंगठा तिथंच सोडून यावा लागला असता. निघताना त्यानं शंभराची नोट पुढं केली, तर ती म्हणाली, “मामा, ठेवा. चहा मात्र पाजा.” चहाचे वीस रुपये झाले आणि तेही तिनंच दिले. ही गोष्ट गहिनीनाथच्या मनात तीन वर्षं सलत होती.

तर अशी ही उमेदवार. हिच्याकडं फलकाला पैसे नव्हते, रिक्षावरच्या भोंग्याला नव्हते. विहारात बैठक झाली आणि ठरलं की निवडणूक लोकवर्गणीतून लढवायची. आता अडचण अशी की वर्गणी द्यायला लोक तयार होते, पण दिली हे शेठला कळायला नको होतं. कुणाचा कांदा शेठच्या वखारीत, कुणाची म्हैस शेठच्या दावणीला. गहिनीनाथचंच बघा, दर शुक्रवारी सात म्हशी एकट्या शेठच्या असायच्या. पावती फाडली तर नाव उघडं पडणार आणि पेटी ठेवली तर कोण आलं, कोण गेलं हे दिसणार. तेव्हा कानिफनाथ पुढं झाला.

कानिफतात्या म्हणजे बाजारातला सगळ्यात जुना दलाल, वय सत्तरच्या पुढं. बाजारात जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालतात, आणि किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून आकडा कळतो. बघणाऱ्याला फक्त दोन माणसं हात धरून गप्प उभी दिसतात. तात्या म्हणाला, “वर्गनी उपरन्याखाली घेऊ. पैशे बी तितंच द्यायचे. कुनी किती दिलं ते माज्या डोक्यात ऱ्हाईल. पन्नास वरसांत एका सौद्याचा आकडा दुसऱ्याला सांगितला न्हाई, आता म्हातारपनी सांगतोय व्हय?” सगळ्यांना पटलं. तात्या रोज सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या पारावर उपरणं टाकून बसू लागला. कुणी जाता-येता रामराम, जयभीम करायचं, हात द्यायचा आणि पुढं जायचं. शेठची माणसं समोरच चहा पीत असायची, त्यांना काही पत्ता नाही.

मंगळवारी दुपारी गहिनीनाथ घरी आला तेव्हा बनुबाई नुकतीच वखारीतून येऊन हातपाय धूत होती. हा जोत्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, “शीलाताईला काय तरी द्यावं म्हनतो.”

“काय?”

“वर्गनी. सगळं गाव देतंय. पाचशे तरी द्यावं. मला परवडंल का गं?”

बनुबाई पदराला हात पुसत म्हणाली, “तुमाला न्हाई परवडत.”

“अगं, पाचशेच.”

“पोरीचा एस्टीचा पास काढायचाय, नगरच्या कॉलेजचा. गॅसची टाकी संपत आलीया. अंगठा रोज रात्री शेकायला लागतोय, मशीन नको का घ्यायला? आन शेठला कळलं तर? हप्त्याला हजार-पन्नास रुपये जात्याल. मग मशीन घिऊन कुनाला भादरनार हाय, मला?”

हे शेवटचं त्याला लागलं, कारण ते खरं होतं. एकवेळ देणं परवडेल, पण दिलं हे शेठला कळणं परवडायचं नाही, हा हिशेब त्यानंही मनात दहा वेळा केला होता. पण सकाळपासून दवाखान्यातलं ते बाकडं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. “आजवर पुढाऱ्यानं आपल्याला जेवायला घातलं,” तो म्हणाला, “आन आपुन जेवून गप पडलो. एकांदीनं फुकट राबून दावलं, तर तिच्या टायमाला मी परवडत न्हाई म्हनून घरात बसू व्हय? मला लाज वाटती, बनू.”

बनुबाईनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती स्वतः उठली, फळीवरून डबा काढला, पाठ करून पाचशे रुपये मोजले आणि त्याच्या हातात दिले. “हे घ्या. याच्या वर एक रुपाया न्हाई. आन मशीन यीपर्यंत ह्या डब्याला हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते.” गहिनीनाथ खुशीत बाहेर पडला. बायको एवढ्या लवकर मानली याचं त्याला नवल वाटायला हवं होतं, पण खुशीत असलेल्या माणसाला असलं काही सुचत नाही.

पारावर कानिफतात्या एकटाच होता. गहिनीनाथला पाहून तो मिशीत हसला. “ये, बस,” म्हणाला, “आज तुजीच वाट बगत हुतो.” गहिनीनाथनं उपरण्याखाली हात घातला. मनात आकडा पक्का होता, पाचशे. दाबायचं, द्यायचं आणि निघायचं.

पण झालं भलतंच. तात्याचा हात हातात आला आणि जन्मभराच्या बाजाराची खोड जागी झाली, त्याचीही आणि याचीही. तात्यानं सवयीनं आधी आपला आकडा सांगितला, तीन हजार. गहिनीनाथच्या बोटांनी याला न विचारता उत्तर दिलं, तीनशे. बाजारात खरा आकडा पहिल्यांदा कोण सांगतो? तात्या अडीच हजारावर आला. याची बोटं पाचशेवर गेली. आता इथं थांबायला हवं होतं, कारण पाचशे हाच खरा आकडा होता. पण समोरचा अजून उतरतोय हे कळल्यावर बाजार अंगात मुरलेल्या माणसाला हात सोडवत नाही. तात्या दोन हजार. हा आठशे. तात्या अठराशे. हा बाराशे. तात्यानं उपरण्याखाली हात सोडल्यासारखं केलं, म्हणजे सौदा मोडला, गिऱ्हाइकानं आता जावं. आणि गहिनीनाथनं, काय सांगावं तुम्हाला, तो हात घट्ट धरून मागं ओढला आणि पंधराशे दाबले.

तात्यानं टाळी दिली. “झालं.”

गहिनीनाथनं जिंकल्याच्या आनंदात इकडंतिकडं पाहिलं. तीन हजारांचा माल निम्म्यात आणला होता. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की माल कुठलाच नाही, आणि हे पंधराशे आपल्यालाच द्यायचेत. त्याचं तोंड पाहून तात्याला सगळं कळलं. “मोडायचा का सौदा?” त्यानं हळूच विचारलं. “कुनाला कळायचं न्हाई.”

“तुमाला कळंल की,” गहिनीनाथ म्हणाला. “आन मला. उपरन्याखाली दिलेला शबूद मी कवा मोडलाय? हे पाचशे इसार धरा. हजार सकाळी देतो.” आणि तो घराकडं निघाला.

घरी येऊन त्यानं सगळं सांगून टाकलं. लपवायचा त्याला सरावच नाही, चेहराच आधी बोलतो. बनुबाई ऐकता ऐकता उंबऱ्यावर खाली बसली. “आनखी हजार?” ती म्हणाली.

“आनखी हजार.”

“म्हंजे पंधराशे.”

“भाव चांगला झाला, तीन हजार म्हनत हुता,” गहिनीनाथ पुटपुटला.

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, आता रडणार. पण तिचे खांदे हलायला लागले ते हसण्यानं. ती हसली ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हा म्हणाला, “हसतीस काय?” ती म्हणाली, “काय न्हाई, काय न्हाई,” आणि पुन्हा हसायला लागली. मग तिनं स्वतःच डबा काढला, पुन्हा पाठ करून हजार मोजले आणि डबा फळीवर मागं, पिठाच्या डब्याच्या आड सरकवून ठेवला. त्याला वाटलं, आता हे जन्मभर ऐकावं लागणार. पण तिनं पुन्हा तो विषयच काढला नाही, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटत राहिली.

निवडणूक झाली. गावानं शेठच्या मळ्यात पोटभर जेवून घेतलं, शेठला तोंडभर आशीर्वाद दिले आणि सत्यशीलाला सत्तावीस मतांनी निवडून दिलं. गुलाल उडाला, विहारापासून पारापर्यंत हलगी वाजली. गहिनीनाथ नाचला नाही. शेठची माणसं बघत होती. तो गोठ्यामागं जाऊन एकटाच दोन मिनिटं हात वर करून आला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सत्यशीलानं जे केलं ते आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. पारावर उभी राहून तिनं वहीतून हिशेब वाचला. जमा एकेचाळीस हजार, खर्च अठ्ठावीस हजार सातशे. उरलेले बारा हजार तीनशे ज्याचे त्याला परत. “रुपयाला तीस पैसे बसतात,” ती म्हणाली, “कोणी किती दिले ते मला माहीत नाही आणि मी विचारणार पण नाही. कानिफतात्या जसे घेतले तसे परत करतील.” पुढाऱ्यानं पैसे परत करायचे म्हटल्यावर माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा तर उठून विचारता झाला की बाई जिंकली का हरली.

शुक्रवार उजाडला. गहिनीनाथ कातर, वस्तरा आणि काच घेऊन बाजारात आपल्या लिंबाखाली बसला, पण लक्ष सगळं रस्त्याकडं होतं. शेठचा टेम्पो आठला येतो. आठ वाजले, साडेआठ झाले. मशीनवाल्या पोरांकडं गर्दी होती. यानं मनात हिशेब मांडला, सात म्हशी गेल्या म्हणजे हजार-पन्नास गेले. कानिफतात्यानं कुणाला सांगितलं नसणार, पण चेहरा बोललाच असेल. नऊला टेम्पो आला. शेठ पुढून उतरले, मशीनवाल्यांसमोरून चालत आले आणि याच्यापुढं येऊन उभे राहिले.

“काय, गहिनीनाथ. तू कुणाकडनं होतास?”

गहिनीनाथनं आधी कातर पुसून घेतली. “शेठ, मी म्हशीकडनं,” तो म्हणाला.

शेठ बघत राहिले आणि मग हसायला लागले. “अरे, सगळं गावच म्हशीकडनं होतं. माझ्याकडं जेवले, आणि मला वाटतं, माझ्याकडनं घेतलेले पैसेसुद्धा तिकडंच देऊन आले. बाईचा प्रचार मीच केला म्हण.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मागच्या शुक्रवारी तू प्रचारात गुंतला होतास, मी मशीनवाल्याला दोन म्हशी दिल्या. एकीचा कान कापला त्यानं. चार हजारानं पडली ती. तू हातानंच कर. राग निवडणुकीवर काढीन, म्हशीवर कशाला काढू?” आणि सातही म्हशी लिंबाखाली बांधल्या गेल्या. मागच्या शुक्रवारी अंगठ्याचं निमित्त सांगून गहिनीनाथ सत्यशीलासाठी गुपचूप घरं फिरायला लवकर उठला होता. ‘प्रचारात गुंतला होतास’ हे शब्द गहिनीनाथच्या कानात जरा उशिरा शिरले, पण तोवर शेठ चहाला निघून गेले होते.

दुपारी पाचवी म्हैस चालू असताना कानिफतात्या आला. काही न बोलता त्यानं उपरणं पुढं केलं. गहिनीनाथनं हात पुसून आत घातला. पंधराशेला तीस पैशानं साडेचारशे, हे त्यानं सकाळीच काढून ठेवलं होतं. तात्यानं साडेसातशे दाबले.

यानं मान हलवली आणि साडेचारशे दाबले. तात्यानं पुन्हा साडेसातशे. म्हाताऱ्याचं डोकं आता चळलं, असं याला वाटलं. “तात्या, चुकताय. माजे साडेचारशेच,” तो तोंडानंच बोलला.

“पन्नास वरसांत चुकलो न्हाई.” तात्यानं आजूबाजूला पाहून घेतलं. “तुज्या घरातनं दोन हात आले, गहिन्या. दुसऱ्या हातानं मला सांगितलंय, आता त्याच्याकडंच द्या, कळू द्या त्याला. म्हनून सांगतो. तू आलास त्याच दिशी, तुज्या आदी, सकाळी कांद्याला जाता जाता आली. बाजारात बायका हात घालत न्हाईत, मीच गांगरलो. भाव केला न्हाई तिनं. एकदाच दाबलं, हजार. पैशे ठिवले आन गेली. अशी गिऱ्हाइकं निघाली तर आमी दलालांनी काय खायचं?”

गहिनीनाथच्या हातातली काच तशीच राहिली. मग त्याला उंबऱ्यावर बसून हसणारी बनुबाई आठवली, पाठ करून पैसे मोजणं आठवलं, पिठाच्या आड सरकवलेला डबा आठवला. म्हशीनं वळून पाहिलं, आज हा बोलत का नाही म्हणून.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बनुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं तिच्याजवळ आधी तीनशे ठेवले आणि मग बाजूला साडेचारशे. तिनं दोन्हीकडं पाहिलं आणि भाकरी उलटवली.

“तू दिलंस,” तो म्हणाला. “माज्या आदी.”

“व्हय.”

“आन मला म्हनलीस, परवडत न्हाई.”

“तुमाला न्हाईच परवडत. अंगठा तुमचा ठनकतोय, मशीन तुमची ऱ्हायलीया.” तिनं तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावली. “त्या डब्यात माजी बी मजुरी हाय. दवाखान्यात शीलाताई बसली तवा मी बी बाहेर पायरीवर बसले हुते, दिवसभर. मला परवडतंय का, हे तुमी कवा इचारलं?”

दवाखान्यातलं बाकडं गहिनीनाथला तीन वर्षं दिसत होतं, पायरी एकदाही दिसली नव्हती. तो तिच्याजवळ खाली बसला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं दोघांच्या मध्ये पसरला आणि त्याखाली हात घातला.

“आता इचारतो. मशीनला किती म्हयने थांबायचं? तू सांग.”

बनुबाईनं पिठाचा हात तसाच टॉवेलाखाली घातला आणि त्याचा दुखरा अंगठा सोडून बाकीची चारही बोटं हळूच दाबली.

गहिनीनाथनं भाव केला नाही.